अर्धवेळ नोकरी, घरचा जोडधंदा आणि सरकारी योजना : उत्पन्न कुठे, किती आणि कसं दाखवायचं

सकाळी अर्धा दिवस दवाखान्यात किंवा शाळेच्या ऑफिसात नोकरी, दुपारनंतर डबे, शिवणकाम, मेंदी, ब्लाउजची ऑर्डर, विम्याची कामं. मुंबईत एका पगारात भागत नाही, म्हणून अशी दोन टोकं सांभाळणारी माणसं प्रत्येक इमारतीत आहेत. धंद्याचे पहिले पैसे यूपीआयवर जमा झाले की सल्लेही सुरू होतात. ‘रिटर्न भरू नकोस, लाडकी बहीण बंद होईल.’ ‘रेशनकार्ड पांढरं करतील.’ ‘एवढ्याशा पैशाला कोण विचारतंय!’

मी आमच्या भागातल्या लोकांना प्राप्तिकराचं रिटर्न आणि उत्पन्नाच्या दाखल्यांचे अर्ज भरायला मदत करते, आणि या सल्ल्यांमुळे नुकसान झालेली माणसं दर वर्षी बघते. कुणाचा कापलेला टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरलेला कर) परत मागायचा राहतो, कुणाला म्हाडाच्या अर्जाच्या वेळी उत्पन्नाचा एकही कागद सापडत नाही, कुणी दाखल्यावर एक आकडा लिहिलेला असतो आणि बँकेत दुसरा. नव्याने जोडधंदा सुरू करणाऱ्याने पहिल्या महिन्यापासून एक पथ्य पाळावं : खरा आकडा एकच काढायचा आणि जिथे विचारतील तिथे तोच सांगायचा. तो कसा काढायचा आणि कुणाला कसा सांगायचा, ते पुढे क्रमाने देते.

आधी नेमणूकपत्र वाचा

नोकरीच्या नेमणूकपत्रात ‘परवानगीशिवाय अन्य व्यवसाय करू नये’ अशी ओळ आहे का, ते पाहा. असेल तर एक साधा अर्ज करून लेखी परवानगी घ्या. डबे किंवा शिवणकामाला बहुतेक मालक हरकत घेत नाहीत. हरकत येते ती त्याच मालकाचं गिऱ्हाईक बाहेर घेतलं तर. सरकारी किंवा महापालिकेच्या नोकरीत मात्र परवानगीशिवाय धंदा करायचाच नाही. बायकोच्या नावावर धंदा दाखवून स्वतः चालवणंही नको.

पगारावरचा कर कापताना मालकाने तुमचं बाहेरचं उत्पन्नही धरावं असं वाटत असेल तर ते त्याला लेखी कळवता येतं. कळवायलाच हवं असं बंधन नाही. नाही कळवलं, तर हिशेब रिटर्नमध्ये करायचा.

वही : सगळं इथूनच

शंभर पानी वही किंवा मोबाइलवरची एक शीट, काहीही चालेल. तारीख, कुणाकडून किती आले, रोख की यूपीआय, कशावर किती गेले, एवढेच रकाने हवेत. धंद्याचे पैसे शक्यतो वेगळ्या खात्यात घ्या. घरभाड्याचे, भावाने पाठवलेले आणि डब्याचे पैसे एकाच खात्यात आले की वर्षाअखेरीला वेगळे काढताना डोळे पांढरे होतात.

एक उदाहरण नीट पाहू. समजा भांडुपमधली एक ताई एका पॉलिक्लिनिकमध्ये अर्धा दिवस रिसेप्शनला आहे. पगार महिना १४,००० रुपये. संध्याकाळी ती ८ डबे देते, एक डबा १०० रुपये, महिन्याचे २५ दिवस. म्हणजे धंद्यात महिन्याला २०,००० येतात. त्यातून भाजी, डाळ-तांदूळ, तेल, कणीक यांवर १०,५०० जातात, गॅसवर १,८०० (धंद्याला घरगुती सिलिंडर चालत नाही, व्यावसायिकच घ्यावा लागतो), डबे-फॉइल आणि पोचवणाऱ्या मुलावर १,७००. एकूण खर्च १४,०००. हातात उरले ६,०००.

इथे नवखा माणूस हमखास दोन ठिकाणी चुकतो. एक तर २०,००० ला उत्पन्न समजून घाबरतो, नाहीतर ६,००० घरातच खर्च झाले म्हणून ‘काही उरत नाही’ असं सांगतो. २०,००० ही उलाढाल आहे. उत्पन्न आहे ६,०००, मग ते मुलाच्या फीमध्ये जावो की किराण्यात. घरच्यांनी खाल्लेलं जेवण धंद्याच्या खर्चात धरायचं नाही. पातेलं एकच असलं तरी अंदाजाने घरचा वाटा वेगळा काढा आणि तो अंदाज वर्षभर तसाच ठेवा.

ताईंचा वर्षाचा हिशेब असा : पगार १,६८,०००, डब्यांतून ७२,०००. मिळून २,४०,०००. हाच तिचा खरा आकडा.

प्राप्तिकर : भीती वाटते तेवढा नाही

वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत करच नाही, पगारातून ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते, आणि एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए च्या सवलतीने नेहमीच्या उत्पन्नावरचा कर शून्यावर येतो. ताईंच्या पगारातून ७५,००० वजा केले की उरतात ९३,०००. त्यात धंद्याचे ७२,००० मिळवले की १,६५,०००. कर शून्य, आणि रिटर्न भरण्याची सक्तीही नाही.

‘कर शून्य’ आणि ‘रिटर्नची गरज नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र लक्षात ठेवा. नव्या प्रणालीत उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की सवलतीमुळे कर शून्य झाला तरी रिटर्न भरावंच लागतं. वर्षात २५,००० किंवा जास्त टीडीएस कापला गेला असेल, तरीही भरावं लागतं.

टीडीएसवरून दुसरं उदाहरण. समजा प्रभादेवीला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात एक मुलगी अर्धवेळ आहे, पगार महिना ३०,०००. सुटीच्या दिवशी ती स्वतः घरांच्या अंतर्गत सजावटीची कामं घेते. वर्षात एका कंपनीकडून तिला त्याचे ४,००,००० मिळाले आणि कंपनीने १० टक्के म्हणजे ४०,००० टीडीएस कापला. अंतर्गत सजावट हा कलम ४४एडीए मधला व्यवसाय आहे, त्यामुळे निम्मी रक्कम, २,००,०००, उत्पन्न म्हणून दाखवता येते. पगाराचे ३,६०,००० उणे ७५,००० म्हणजे २,८५,०००. मिळून ४,८५,०००. सवलतीनंतर कर शून्य. म्हणजे कापलेले ४०,००० पूर्ण परत, पण रिटर्न भरलं तरच. ‘रिटर्नच्या भानगडीत पडू नकोस’ हा सल्ला तिला चाळीस हजारांना पडला असता.

आता फॉर्म कुठला. आयटीआर-१ हा फक्त पगार, घरभाडं, व्याज अशा उत्पन्नासाठी आहे. धंद्याचा एक रुपया आला तरी तो चालत नाही. धंद्याचं उत्पन्न ‘इतर उत्पन्न’ या रकान्यात ढकलून आयटीआर-१ भरून टाकणारे एजंट आहेत, त्यांच्यापासून लांब राहा. छोट्या जोडधंद्याला आयटीआर-४, म्हणजेच ‘सुगम’. त्यात पगारही दाखवता येतो. डबे, शिवणकाम, मेंदी, फराळ, छोटं दुकान यांना कलम ४४एडी : बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या उलाढालीच्या किमान ६ टक्के आणि रोख उलाढालीच्या किमान ८ टक्के उत्पन्न दाखवायचं, हिशेबाच्या वह्या दाखवायची गरज नाही. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट, हिशेबनीस, तांत्रिक सल्लागार, अंतर्गत सजावटकार यांना ४४एडीए, म्हणजे किमान ५० टक्के. कमिशनवर काम करणारे, विमा एजंट आणि दलाल यांना ४४एडी मिळत नाही. त्यांनी खर्चाचा खरा हिशेब ठेवून आयटीआर-३ भरायचा. ४४एडी एकदा घेतल्यावर पुढच्या पाच वर्षांत मध्येच सोडलं तर त्यानंतरची पाच वर्षं ते परत घेता येत नाही, हेही आधी माहीत असलेलं बरं.

‘किमान’ हा शब्द कायद्यातला आहे आणि माझ्या मते या लेखात सगळ्यात महत्त्वाचा. ताईंची उलाढाल २,४०,०००, त्याचे ६ टक्के १४,४००. पण तिच्या वहीत ७२,००० आहेत. सहा टक्के दाखवायची मुभा आहे म्हणून १४,४०० लिहायचे का? कर दोन्हीकडे शून्यच आहे. मग खरे ७२,००० लिहायला काय हरकत? उद्या बँकेत कर्जाला जाल तेव्हा रिटर्नवर १४,४०० बघून मॅनेजर मान हलवेल. आणि योजनेच्या किंवा दाखल्याच्या अर्जात १४,४०० लिहिलेत तर ते खोटं ठरेल, कारण तिथे सहा टक्क्यांचा नियम नाही, तिथे प्रत्यक्ष मिळालेलं विचारतात.

गावाकडे सातबाऱ्यावर नाव असलेल्यांनी शेतीचं उत्पन्नही लक्षात घ्यावं. त्यावर प्राप्तिकर नाही, पण ते वर्षाला ५,००० च्या वर असेल तर आयटीआर-४ चालत नाही. दाखल्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न मोजताना तर ते धरलं जातंच.

भरण्याआधी प्राप्तिकराच्या पोर्टलवर जाऊन एआयएस आणि २६एएस उघडा. तुमच्या पॅनवर कुणी किती पैसे दिल्याचं कळवलं, किती टीडीएस भरला, सगळं तिथे दिसतं. ते दिसत असताना लपवणं म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं. मालकाकडून फॉर्म १६ आणि टीडीएस कापणाऱ्या पार्टीकडून १६ए घ्या. मुदत ३१ जुलै धरूनच चाला, मुदतवाढ मिळाली तर ती वरकड. उशीर झाला तर ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १,००० आणि त्याहून जास्त उत्पन्नाला ५,००० रुपये उशिराचं शुल्क आहे. भरल्यावर ३० दिवसांत आधारच्या ओटीपीने पडताळणी केली नाही तर भरलेलं रिटर्न वैध धरत नाहीत. हे पाऊल विसरणारे फार आहेत.

टीडीएस वजा जाता १०,००० किंवा जास्त कर निघत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. ४४एडी आणि ४४एडीए वाल्यांना तो एकदाच, १५ मार्चपर्यंत भरला तरी चालतो.

योजना : इथे मोजमाप वेगळं

प्राप्तिकर तुमचा एकट्याचा असतो. योजना कुटुंबाचं बघते. मुंबईतल्या बहुतेक गोंधळाचं मूळ इथे आहे.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली. २१ ते ६५ वयाच्या बाईला महिना १,५०० रुपये. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. कुटुंबातलं कुणी आयकरदाता असेल, कायम सरकारी नोकरीत असेल किंवा घरात ट्रॅक्टर सोडून चारचाकी असेल तर अपात्र. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्यांना उत्पन्नाचा दाखला जोडायची सूट दिली आहे. पण दाखल्याची सूट ही मर्यादेची सूट नव्हे.

आता ‘रिटर्न भरलं तर लाडकी बहीण जाईल’ हे वाक्य तपासून बघा. अडीच लाखांची मर्यादा नव्या प्रणालीतल्या ४ लाखांच्याही खाली आहे. ज्या घराचं उत्पन्न खरोखर अडीच लाखांच्या आत आहे, त्या घरात कर निघण्याचा प्रश्नच येत नाही. आणि ज्या घराचं त्याहून जास्त आहे, ते रिटर्न न भरता पात्र होत नाही. पात्रता उत्पन्नावर ठरते.

भांडुपच्या ताईंकडे परत येऊ. ती विधवा असेल, मुलं शिकत असतील, दुसरं उत्पन्न नसेल आणि तेवढ्याच रकमेची दुसरी सरकारी मदत ती घेत नसेल, तर २,४०,००० वर ती मर्यादेत बसते. पण दिवाळीत तिने चकली, करंज्या आणि अनारशांच्या ३०,००० च्या ऑर्डरी घेतल्या, खर्च जाऊन १२,००० सुटले, की आकडा होतो २,५२,०००. मर्यादा ओलांडली. म्हणून वही महिन्याच्या महिन्याला बेरजेसकट हवी. आणि तिचा नवरा असेल, सिक्युरिटीत १५,००० पगारावर, तर कुटुंबाचं उत्पन्न आधीच ४,२०,००० झालं. त्या घरात हा लाभ बसत नाही, डबे असोत की नसोत. लाभ नको असल्याचा अर्ज महिला व बालविकास विभागाकडे स्वतःहून देता येतो. योजनेत ई-केवायसी आली आहे आणि तिथे विवाहितेच्या नवऱ्याचा आधारही मागतात, म्हणजे माहिती जुळवून पाहणं सोपं झालं आहे. कुणी काढून टाकायची वाट बघण्यापेक्षा स्वतः बाहेर पडलेलं चांगलं, असं मी प्रत्येकीला सांगते.

रेशनचं दुखणं जुनं आहे. केशरी कार्डाची वार्षिक मर्यादा १ लाख, आणि त्यातही अन्नसुरक्षेच्या धान्यासाठी शहरात ५९,०००. मुंबईत प्रामाणिकपणे सांगितलेला अर्धवेळ पगारसुद्धा या मर्यादेच्या वर जातो. मर्यादा फार खालची आहे, हे माझं स्पष्ट मत आहे. पण कार्डावरचा आकडा वाढवून घेतला नाही तर पुढे प्रत्येक ठिकाणी तो तुमच्या दाखल्याशी भांडतो. बदलासाठी तुमच्या विभागाच्या शिधावाटप कार्यालयात जायचं.

उलट काही दरवाजे खरं उत्पन्न दाखवल्यावरच उघडतात. म्हाडाच्या सोडतीत मुंबई महानगरात अत्यल्प गटाला वर्षाला ६ लाखांपर्यंत, अल्प गटाला ९ लाखांपर्यंत, मध्यम गटाला १२ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न चालतं, आणि पुरावा म्हणून रिटर्न किंवा तहसीलदाराचा दाखला लागतो. धर्मादाय रुग्णालयांत वार्षिक १,८०,००० पर्यंत उत्पन्नाच्या निर्धन रुग्णावर मोफत आणि ३,६०,००० पर्यंतच्या दुर्बल गटातल्या रुग्णावर सवलतीत उपचार होतात. मुलांच्या व्यावसायिक शिक्षणाच्या शुल्क सवलतीला ८ लाखांची मर्यादा आहे. म्हणजे जोडधंद्याचे ७२,००० दाखवून या ठिकाणी काहीच बिघडत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या ५ लाखांच्या संरक्षणाला तर आता उत्पन्नाची अटच नाही.

उत्पन्नाचा दाखला

अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात. उपनगरात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे तीन तालुके, ज्या तालुक्यात घर त्या तहसीलदाराकडे अर्ज जातो. शहर भागासाठी फोर्टच्या जिल्हाधिकारी कार्यालयाखालची यंत्रणा. आधार, रेशनकार्ड, पगारपत्रक, रिटर्न असेल तर त्याची पोच, आणि स्वयंघोषणापत्र. रिटर्न नसेल तर वहीची वर्षाची बेरीज एका कागदावर नीट लिहून खाली सही करून द्या, सोबत बँकेचं विवरण. सेतूतला माणूस ‘किती टाकू?’ असं विचारतो, तेव्हा आकडा तुम्ही सांगायचा, त्याने सुचवायचा नाही. घोषणापत्रावर सही तुमची असते.

ईएसआयसी आणि पीएफ

पगार २१,००० पर्यंत असेल आणि तुमची आस्थापना ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल तर पगारातून ०.७५ टक्के कापले जातात. ही मर्यादा फक्त त्या नोकरीच्या वेतनाची आहे. डब्याचे पैसे त्यात मिळवत नाहीत, त्यामुळे जोडधंद्याने कार्ड जात नाही. पीएफचंही तसंच. सांभाळायची जागा एकच : आजारपणाचा रोख लाभ काम करता येत नाही म्हणून मिळतो. डॉक्टरांचा दाखला घेऊन तो लाभ घेत असताना घरी डबे चालू ठेवले तर तो लाभ अडचणीत येतो. त्या दिवसांत ऑर्डरी बंद ठेवा आणि वहीत तसं लिहा.

नोंदण्या, थोडक्यात

खाण्याचा धंदा असेल तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी त्यांच्या फोसकॉस पोर्टलवर, घरगुती पातळीवर लायसन्स नाही, साधी नोंदणी पुरते. उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी आधारवर आणि फुकट होते, त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. कामाला माणसं ठेवली नसतील किंवा एखाद-दुसरंच असेल तर गुमास्ताची (दुकाने-आस्थापना कायद्याखालची) फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. जीएसटी सेवांना २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. व्यवसाय कर पगारातून कापला जात असेल तर पावती जपा : एका माणसाकडून हा कर वर्षाला २,५०० च्या वर घेता येत नाही. महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांच्या पगारातून तो कापतच नाहीत.

मागची वर्षं राहिली असतील तर

रिटर्न भरायचं होतं आणि राहिलं, तर अद्ययावत रिटर्न भरता येतं, आकारणी वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत. पहिल्या वर्षात करावर २५ टक्के जादा, मग ५०, ६०, ७० असा चढता दर. त्यातून परतावा मात्र मागता येत नाही, त्यामुळे टीडीएस अडकलेला असेल तर हा रस्ता उपयोगाचा नाही. जुन्या वर्षांचं बँक विवरण आधी काढा, त्यातल्या धंद्याच्या नोंदींवर खूण करा, त्या वर्षाचं एआयएस शेजारी ठेवा, आणि मगच सीएकडे जा. ही तयारी घेऊन गेलात तर तो फीही कमी घेतो आणि आकडा तुमचा तुम्हाला कळलेला असतो.